काळ्या कापडातला जांभळा: कॅमेऱ्याने रंग मोजायचा तर चॅनेल किती लागतात?

काळ्या कापडाचे दोन तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले होते. डोळ्याला दोन्ही सारखेच काळेकुळकुळीत. वर बसवलेल्या औद्योगिक कॅमेऱ्याने मात्र स्क्रीनवर एक काळा दाखवला आणि दुसरा चक्क जांभळट तपकिरी. कॅमेरा नवा, लेन्स स्वच्छ, व्हाइट बॅलन्स नुकताच केलेला. मी रंगमापनाच्या कामात नवखा होतो तेव्हाची ही गोष्ट. तासभर आम्ही केबल बदल, सेटिंग बदल, दिवा हलव असे उद्योग केले. शेवटी कुणीतरी लेन्स काढून आत डोकावलं आणि कळलं, की सेन्सरच्या पुढे अवरक्त किरण अडवणारी काचच नाही.

सिलिकॉनचा सेन्सर साधारण ११०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश टिपतो. आपला डोळा ७०० च्या थोडं पुढे गेलं की आंधळा. सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे फिल्टर ८०० च्या पलीकडे जवळपास पारदर्शक असतात, त्यामुळे अवरक्त प्रकाश तिन्हींत घुसतो. पहिल्या कापडाच्या धाग्यात कार्बनची काजळी मिसळलेली होती. ती दिसणारा प्रकाश गिळते तशी अवरक्तही गिळते. दुसरं कापड नुसत्या डायने काळं केलेलं. ती डाय दिसणारा प्रकाश खात होती आणि अवरक्त खुशाल परत पाठवत होती. कॅमेऱ्याने जे पाहिलं ते खरंच होतं, फक्त ते माणसाला दिसणारं नव्हतं.

हे दुखणं रंगीत छायाचित्राइतकंच जुनं आहे. १८६१ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रंगीत छायाचित्राचं प्रात्यक्षिक केलं. थॉमस सटन यांनी एका चौकड्याच्या रिबिनीचे लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून वेगवेगळे फोटो काढले होते. ते तशाच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक पाडले आणि रंगीत रिबीन दिसली. गंमत अशी, की त्या काळातल्या फोटोच्या काचांना लाल प्रकाश जाणवतच नसे. मग लाल गाळणीतला फोटो उमटला कसा? याचा उलगडा व्हायला शंभर वर्षं लागली. १९६१ मध्ये कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांनी दाखवलं, की रिबिनीतला लाल रंग अतिनील किरणही परत पाठवत होता आणि मॅक्सवेल यांची लाल गाळणी ते आत सोडत होती. चित्र जमलं, पण भलत्याच कारणाने.

कारखान्यात असं भलत्या कारणाने जमलेलं फार महागात पडतं. चाचणीच्या दिवशी सगळे नमुने नीट जुळतात, सगळे खूश होतात, आणि चार महिन्यांनी रंगद्रव्याचा पुरवठादार बदलला की तोच कॅमेरा चुकीचा माल बिनदिक्कत पास करायला लागतो. म्हणून कॅमेऱ्याने रंग मोजायचा असेल तर तो नेमकं काय करतो, हे आधी नीट पाहू.

बेरजेत काय हरवतं

पृष्ठभागाच्या रंगाची पुरती ओळख म्हणजे त्याच्या परावर्तनाचा आलेख. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दिसणाऱ्या भागात प्रत्येक तरंगलांबीचा किती टक्के प्रकाश तो परत पाठवतो, याची नोंद. दर १० नॅनोमीटरला एक आकडा घेतला तर ३१ आकडे होतात, आणि प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोफोटोमीटर सहसा हेच ३१ आकडे हातात देतो. डोळा एवढ्या तपशिलात शिरत नाही. त्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी आपापल्या भागाला जास्त वजन देऊन तीन बेरजा करतात आणि पुढे तीनच आकडे जातात. कॅमेऱ्याचं प्रत्येक चॅनेलही, म्हणजे एकेका फिल्टरमागचं मोजमाप, अशी एक बेरीजच करतं. भानगड एवढीच, की डोळ्याची वजनं वेगळी आणि कॅमेऱ्याची वेगळी.

आकड्यांतच पाहू. सोयीसाठी ३१ ऐवजी सहाच पट्टे धरू, जांभळ्यापासून लालपर्यंत. पहिला नमुना या सहा पट्ट्यांत अनुक्रमे २०, २०, ४०, ४०, ६०, ६० टक्के प्रकाश परत पाठवतो. दुसरा ३०, १०, ५०, ३०, ७०, ५० टक्के. आपला तीन चॅनेलचा कॅमेरा दोन-दोन पट्ट्यांची सरळ बेरीज करतो असं समजा. पहिल्या नमुन्याच्या बेरजा ४०, ८०, १२०. दुसऱ्याच्याही ४०, ८०, १२०. कॅमेऱ्याच्या लेखी दोन्ही एकच. आता डोळ्याची लाल बाजूची पेशी पाचव्या पट्ट्याला सहाव्याच्या तिप्पट वजन देते असं धरा. पहिल्या नमुन्यासाठी १८० अधिक ६०, म्हणजे २४०. दुसऱ्यासाठी २१० अधिक ५०, म्हणजे २६०. माणसाला फरक दिसतो आणि कॅमेरा दोन्ही पास करतो. याच्या उलटही होतं. माणसाला जुळलेले वाटणारे दोन नमुने कॅमेरा वेगळे म्हणून बाजूला काढतो.

आलेख वेगळे असूनही बेरजा सारख्या येणं, याला मेटामेरिझम म्हणतात. गाडीचा बंपर प्लास्टिकचा, दरवाजा पत्र्याचा. दोन्हींचे रंग वेगळ्या ठिकाणी वेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले. दिवसा उजेडात तंतोतंत जुळतात आणि रात्री दिव्याखाली बंपर उपरा दिसतो. दिवा बदलला की बेरजेतली वजनं बदलतात, आणि दिवसाच्या उजेडात झाकलेला फरक उघडा पडतो. एकदा बेरीज झाली की तिच्यातून मूळ आकडे परत मिळत नाहीत. १२० म्हणजे ६० अधिक ६० की ७० अधिक ५०, हे कितीही हुशार सॉफ्टवेअरला विचारा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग कॅमेऱ्याला डोळ्याचीच वजनं का देत नाहीत? ती वजनं तर कधीचीच ठरलेली आहेत. १९२० च्या दशकात विल्यम डेव्हिड राइट आणि जॉन गिल्ड यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रयोग केले. समोरच्या खिडकीच्या एका अर्ध्यात एकाच तरंगलांबीचा प्रकाश, दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरवा आणि निळा मिळून एक प्रकाश. निरीक्षकाने तिन्ही कमीजास्त करत दोन्ही अर्ध्या भागांचा रंग जुळवायचा. राइट यांच्याकडे १० निरीक्षक होते, गिल्ड यांच्याकडे ७. या १७ जणांच्या डोळ्यांवरून १९३१ मध्ये सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ‘प्रमाण निरीक्षक’ ठरवला. १९६४ मध्ये मोठ्या दृष्टिक्षेत्रासाठी दुसरा आला. आज औद्योगिक रंगाचा जो आकडा सांगितला जातो, तो या दोघांपैकी एकाच्या वजनांनी काढलेला असतो.

कॅमेऱ्याची वजनं ही डोळ्याच्या वजनांची सरळ मिसळ असली, तर कॅमेरा डोळ्यासारखाच फरक करेल. ही अट रॉबर्ट लूथर यांनी १९२७ मध्येच मांडली. कागदावर सोपी, करायला अवघड. फिल्टरचे रंग आपल्या मर्जीने घडवता येत नाहीत, वर लेन्स, काच, सेन्सर यांचा प्रत्येकाचा स्वतःचा कल. आणि दुसरं म्हणजे डोळ्याच्या दोन पेशींची शिखरं एकमेकांपासून जेमतेम ३० नॅनोमीटरवर आहेत. त्या दोघींचे आकडे जवळपास सारखे येतात आणि रंग कळतो तो त्यांच्या वजाबाकीतून. आता १००० मधून ९८० वजा केले तर उरतात २०. दोन्ही आकड्यांत ५-५ ची चूक असली तर मूळ मापात ती अर्धा टक्का, पण उत्तरात १० पर्यंत, म्हणजे निम्मी. एवढा गोंधळ कॅमेरा बनवणाऱ्यांना नको असतो. म्हणून फोटोच्या कॅमेऱ्याचे फिल्टर जरा दूर दूर ठेवतात. ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटमधली दोन हिरवे, एक लाल, एक निळा ही पिक्सेलची मांडणी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. ती सुंदर फोटोसाठी आहे, मापासाठी नाही.

अपवाद म्हणून एक जात सांगायला हवी. टीव्ही, फोन यांचे पडदे तपासायला डोळ्याच्या वजनांशी जुळवलेले काचेचे फिल्टर लावलेले कॅमेरे असतात. महाग, सावकाश, आणि एका ठरावीक कामासाठी. ते तिथे चोख चालतात.

जादा चॅनेल, कमी अंदाज

दुसरा रस्ता असा, की वजनं हुबेहूब जुळवण्याचा हट्ट सोडायचा आणि बेरजाच वाढवायच्या. तीनऐवजी सहा, आठ, बारा. वरच्या उदाहरणात सहा पट्टे आणि सहा चॅनेल असते, तर दोन नमुने लगेच वेगळे निघाले असते. पण खरे आकडे ३१ असतील तर ३१ चॅनेल लागतील ना?

इथे निसर्ग आपल्या बाजूने उभा राहतो. रंग, डाय, प्लास्टिक, शाई यांचे परावर्तनाचे आलेख गुळगुळीत असतात. ५२० नॅनोमीटरला ३० टक्के असेल, तर ५३० ला एकदम ८० टक्के होत नाही. १९६४ मध्ये जोझेफ कोहेन यांनी मन्सेल या प्रमाणित रंगसंग्रहातल्या १५० नमुन्यांचे आलेख तपासले आणि दाखवलं, की तीन-चार मूळ वक्र कमीजास्त प्रमाणात मिसळले की जवळपास सगळे आलेख उभे राहतात. १९८९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी १२५७ मन्सेल नमुने घेऊन हेच पुन्हा केलं. अधिक काटेकोर जुळणीसाठी त्यांना आठ मूळ वक्र लागले. म्हणजे आकडे ३१ असले तरी त्यांतले स्वतंत्र थोडेच. बाकीचे शेजाऱ्यांवरून कळतात. सहा ते बारा चॅनेलचे कॅमेरे याच भरवशावर उभे आहेत. १९८९ मध्ये सुरू झालेल्या व्हासारी या युरोपीय प्रकल्पात लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं सात फिल्टरच्या कॅमेऱ्याने टिपली गेली. वर्षानुवर्षांत चित्रांचे रंग बदलतात का, हे आकड्यांनी पाहायचं होतं. फोटोला तीन फिल्टर पुरले असते. बदल मोजायला सात घेतले.

गुळगुळीतपणाचा हा भरवसा सगळीकडे चालत नाही. होल्मियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या काचेच्या आलेखात टोकदार खळगे असतात, इतके टोकदार की स्पेक्ट्रोफोटोमीटरची तरंगलांबी बरोबर आहे का हे तपासायला तीच काच वापरतात. फ्लूरोसंट दिव्यांच्या प्रकाशात सुळके असतात. अशा ठिकाणी आठ चॅनेल नुसतेच अंदाजपंचे दाहोदरसे.

आणि फक्त संख्या वाढवून भागत नाही. मँटिस श्रिम्प हा कोळंबीसारखा दिसणारा समुद्री जीव आहे. त्याच्या डोळ्यात रंगासाठी तब्बल १२ प्रकारच्या पेशी असतात, आपल्या चौपट. त्याला आपल्याहून कितीतरी बारीक रंगभेद दिसत असणार असं सगळे धरून चालले होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उलटंच निघालं. जवळजवळच्या तरंगलांब्या ओळखण्यात तो माणसापुढे पार फिका पडला. आपला मेंदू तीन आकड्यांची एकमेकांशी तुलना करतो. श्रिम्प बहुधा तसं करत नाही, कोणती पेशी पेटली एवढंच पाहतो. बारा चॅनेलचा कॅमेरा घेऊन त्यातून नीट हिशेब न काढणाऱ्यांची गत मला या श्रिम्पसारखी वाटते.

चॅनेल वाढवण्याच्या तऱ्हा अनेक. कृष्णधवल कॅमेऱ्यापुढे फिल्टरचं चाक फिरवायचं, प्रिझमने प्रकाश फोडून अनेक सेन्सरवर पाडायचा, पिक्सेलवरच चार गुणिले चार अशी १६ फिल्टरची जाळी बसवायची, किंवा पुढे सरकणाऱ्या मालासाठी एकाखाली एक अनेक ओळींचा लाइन-स्कॅन सेन्सर (माल खालून सरकताना चित्र ओळीओळीने टिपणारा) घ्यायचा. जाळीच्या प्रकारात प्रत्येक पिक्सेल सोळापैकी एकच रंग पाहतो, बाकी पंधरा शेजाऱ्यांवरून भरतो. सपाट एकरंगी पृष्ठभागावर ते चालतं, बारीक नक्षीवर बोंब होते.

मला स्वतःला आवडते ती फिल्टर कॅमेऱ्यात न घालता दिव्यात घालण्याची तऱ्हा. साधा कृष्णधवल कॅमेरा, आणि निळा, आकाशी, हिरवा, पिवळट, नारिंगी, लाल असे एलईडी एकामागून एक लुकलुकवायचे. प्रत्येक लुकलुकीला एक फोटो. प्रत्येक पिक्सेलला सगळे रंग मिळतात आणि चॅनेल बदलायचं तर एलईडी बदलला की झालं. फक्त माल थांबलेला हवा. सेकंदाला २ मीटर वेगाने पळणारा, माल वाहणारा पट्टा एका मिलिसेकंदात २ मिलिमीटर पुढे जातो. सहा एलईडी एकेक मिलिसेकंदाने लावले, तर पहिल्या आणि सहाव्या फोटोत तब्बल १० मिलिमीटरचं अंतर पडतं. फोटो सरकवून जुळवता येतात, पण पट्टा जरा थरथरला की प्रत्येक कडेला इंद्रधनुष्य उमटतं आणि सॉफ्टवेअर ते रंगदोष म्हणून मोजतं.

तरंगलांबीचे शेकडो पट्टे देणारे हायपरस्पेक्ट्रल कॅमेरेही आहेत. मग तेच का नकोत? कारण प्रकाश तेवढाच आणि वाटेकरी वाढले. एका पिक्सेलमध्ये प्रकाशामुळे १०,००० इलेक्ट्रॉन जमले तर निव्वळ प्रकाशाच्या स्वभावामुळे त्यात सुमारे १०० ची, म्हणजे १ टक्क्याची चढउतार असते. तोच प्रकाश शंभर पट्ट्यांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला १०० इलेक्ट्रॉन आणि चढउतार १० टक्के. धावत्या मालावर हे परवडत नाही. रुंद चॅनेलचा कॅमेरा त्यामानाने सुखी. त्यात शेजारच्या १०० पिक्सेलची सरासरी घेतली की १ टक्क्याची चढउतार एकदशांशावर येते.

दिवा, टाइल आणि नेम

रंगमापनाच्या कॅमेऱ्याची चर्चा नेहमी चॅनेलच्या संख्येवर अडते. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त चुका दिव्यात सापडतात.

रंगातला फरक डेल्टा ई या आकड्यात सांगतात. १९७६ च्या सीआयई लॅब (L*a*b*) पद्धतीत रंग तीन अक्षांवर मांडतात: उजळपणा, लाल-हिरवा आणि पिवळा-निळा. दोन रंगांमधलं अंतर म्हणजे डेल्टा ई. पुढे २००० चं सुधारित सूत्र आलं, कारण जुन्या सूत्रात गडद निळ्यातलं १ आणि राखाडीतलं १ डोळ्याला सारखं वाटत नसे. १ च्या आसपासचा फरक शेजारी ठेवल्यावर सरावलेल्या डोळ्याला जेमतेम कळतो, असा ढोबळ ठोकताळा आहे. आता ९० टक्के परावर्तनाचा पांढरा नमुना घ्या. त्याचा उजळपणा ९६.० येतो. दिवा फक्त १ टक्क्याने वाढला आणि कॅमेऱ्याला ते कळलं नाही, तर आकडा ९६.४ होतो. म्हणजे जवळपास ०.४ चा डेल्टा ई नुसत्या दिव्याने खाल्ला. ग्राहकाशी ०.५ ची मर्यादा ठरली असेल तर मालासाठी उरलं काय?

आणि एलईडी १ टक्का सहज हलतात. तापले की उजेड घटतो, लालचा निळ्यापेक्षा जास्त घटतो, शिवाय रंगही थोडा सरकतो. सकाळी मशीन सुरू केल्यावर पहिली वीस मिनिटं सगळा माल हळूहळू हिरवटतोय असं दिसलं, तर मालाला हात लावण्याआधी दिव्याच्या पट्टीला हात लावून पाहावा. यावर उपाय म्हणजे दिवा तापेपर्यंत थांबणं आणि चित्राच्या कडेला कायमची एक पांढरी टाइल ठेवणं. प्रत्येक फोटोत ती दिसते आणि प्रत्येक आकडा तिच्या तुलनेत काढला जातो. टाइलवर धूळ बसली तर? मग साऱ्या मालाचा उजळपणा वाढल्याचं ‘मोजलं’ जातं. टाइल पुसणं हे कुणाचं तरी नेमलेलं काम असावं लागतं.

याशिवाय रोजच्या दोन गोष्टी. झाकण लावून काळा फोटो, म्हणजे प्रकाश नसताना सेन्सर काय आकडा देतो ते कळतं. आणि एकसारख्या पांढऱ्या पृष्ठभागाचा फोटो, म्हणजे कडांना उजेड किती कमी पडतो ते कळतं. पहिला वजा करायचा, दुसऱ्याने भागायचं. शाळेतलं गणित, पण हेच गाळलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

दिव्याचा कोनही तितकाच महत्त्वाचा. रंगमापनात ४५ अंशांतून प्रकाश टाकून सरळ वरून पाहण्याची पद्धत रूढ आहे, कारण त्यात पृष्ठभागाची चकाकी कॅमेऱ्यात येत नाही. माल वाहणाऱ्या रुंद पट्ट्यावर मात्र कॅमेरा मधलं सरळ पाहतो आणि कडा तिरक्या. चकचकीत मालाच्या कडेला पांढुरकी झाक आली, तर रंगाला दोष देण्याआधी भूमिती तपासावी. शेजारच्या वस्तूंचाही प्रकाश मिसळतो. पांढऱ्या कागदावर ठेवलेला काळा चौकोन आणि काळ्या कागदावर ठेवलेला तोच चौकोन, यांचे आकडे वेगळे येतात. लेन्सच्या आत विखुरलेला पांढरा उजेड काळ्यावर सांडतो.

एवढं सांभाळल्यावर गणिताकडे वळायचं. सहा-बारा चॅनेलच्या आकड्यांवरून प्रमाण निरीक्षकाचे तीन आकडे काढायला कॅमेऱ्याला उदाहरणांवरून शिकवावं लागतं. ज्यांचे आकडे स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजले आहेत असे नमुने दाखवायचे आणि दोन्हींतलं नातं बसवायचं. इथे मोह फार. २४ रंगांचा तक्ता सगळ्यांकडे असतो, त्याच्यावरच शिकवलं जातं. १२ चॅनेल असतील आणि नातं सरळ रेषेचं ठेवलं, तर प्रत्येक उत्तरासाठी १२ गुणक लागतात. २४ नमुन्यांवर ते कसंबसं जमतं. अचूकता वाढावी म्हणून चॅनेलच्या आकड्यांचे वर्ग आणि दोन-दोन आकड्यांचे गुणाकारही घेतले की गुणक होतात ९०. नमुने २४, अज्ञात ९०. तक्त्यावर चूक शून्य येईल आणि ती जाहिरातीत छापलीही जाईल, पण पहिल्याच खऱ्या मालावर ते गणित कोलमडेल. शिकवायला आपलाच माल घ्यावा: तीच रंगद्रव्यं, तोच पोत, तीच चकाकी. आणि थोडे नमुने बाजूला ठेवून, कॅमेऱ्याने कधीच न पाहिलेल्या त्या नमुन्यांवर चूक किती येते ते मोजावं.

इथेच तीन चॅनेलच्या साध्या कॅमेऱ्याबद्दलही दोन शब्द, कारण त्याला मी उगाच झोडपू इच्छित नाही. कारखान्यात बहुतेक वेळा प्रश्न ‘हा रंग कोणता’ असा नसतो. ‘हा मंजूर नमुन्यापेक्षा किती हलला’ असा असतो. रंगद्रव्यं तीच असतील आणि फक्त प्रमाण थोडं इकडेतिकडे होत असेल, तर आलेख ठरलेल्या वाटांनीच हलतो. मग तीन बेरजाही पुष्कळ सांगतात. पाककृती बदलली, पुरवठादार बदलला, पुनर्वापराचं प्लास्टिक मिसळलं, की वाटाच बदलतात आणि तीन चॅनेल फसतात. जादा चॅनेलचे पैसे त्या दिवसासाठी मोजायचे असतात. विक्रेत्याला विचारायचाच असेल तर एकच प्रश्न विचारावा: एका दिव्याखाली जुळणारे आणि दुसऱ्याखाली फुटणारे दोन नमुने आम्ही आणतो, तुमचा कॅमेरा दोन्ही दिव्यांसाठी काय आकडा देतो?

मग स्पेक्ट्रोफोटोमीटर काढून टाकायचा का? मुळीच नाही. त्याच्याशिवाय कॅमेऱ्याला शिकवणार कोण? पण तो काही मिलिमीटरच्या भोकातून एका जागेचा सरासरी आकडा देतो. दोन रंगांच्या धाग्यांनी विणलेल्या कापडावर तो अशा रंगाचा आकडा देतो, जो त्या कापडात कुठेच नसतो. लाकडी नक्षीचा छापील कागद, ठिपक्यांची फरशी, डाव्या काठाकडून उजव्या काठाकडे हळूहळू सरकणारी छटा, हे सगळं पाहायला कॅमेराच लागतो. उलट मेटॅलिक रंगात कोनागणिक रंग बदलतो, आणि एका कोनातून पाहणारा कॅमेरा तिथे अर्धीच गोष्ट सांगतो. पांढऱ्या कागदातली आणि कापडातली चमक आणणारी रसायनं अतिनील प्रकाश खाऊन निळा प्रकाश ओकतात. दिव्यात अतिनील नसेल, आणि एलईडीत बहुधा नसतंच, तर ती कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. मेणासारख्या अर्धपारदर्शक वस्तूंत प्रकाश आत शिरून बाजूने निघून जातो, तीही डोकेदुखी वेगळीच.

एका ठिकाणी साच्यातून निघणाऱ्या नारिंगी प्लास्टिकच्या भागांवर आठ चॅनेलचा कॅमेरा बसवला होता. दिवा तापलेला, टाइल पुसलेली, गणित स्वतःच्या नमुन्यांवर बसवलेलं, सगळं यथासांग. तरी प्रत्येक भाग मंजूर नमुन्यापेक्षा हटकून वेगळा दिसे. ऑपरेटरने दोनदा रंगाचं प्रमाण बदललं. मग खोक्यात गार झालेले जुने भाग काढून मोजले, तर बदल करण्यापूर्वीचे तंतोतंत जुळणारे होते आणि नंतरचे फसलेले. लाल आणि नारिंगी रंगद्रव्यांचा आलेख तापमानाबरोबर खरोखरच सरकतो. साच्यातून नुकताच निघालेला भाग त्या क्षणी वेगळ्याच रंगाचा होता आणि कॅमेऱ्याने तेच मोजलं होतं. आता तिथे मंजूर नमुन्याचे आकडे दोन आहेत, एक गार आणि एक साच्यातून निघाल्यावर चाळीस सेकंदांनी घेतलेला, आणि कॅमेऱ्याशेजारी एक तापमापक बसला आहे.